भिंगाखालची लव

पाऊस लागला की मांजरसुंब्याच्या घाटापासून पाटोद्यापर्यंत बालाघाटाच्या माथ्यावर, बांधाच्या कडेला आणि पडीक रानात चिकणा उगवतो. गुडघ्याएवढी झुडपं, पिवळी पाच पाकळ्यांची लहान फुलं, उपटायला गेलं तर हाताला दाद न देणारं चिवट खोड. बघणारा 'चिकणा' म्हणतो आणि पुढे जातो. वाकून पाहिलं तर त्या एका नावाखाली निदान चार निरनिराळ्या वनस्पती उभ्या असतात. एकीची पानं हृदयाच्या आकाराची आणि मखमलीसारखी मऊ. दुसरीची अरुंद, टोकदार, बोट फिरवलं तर जवळजवळ गुळगुळीत. तिला तुपकडीही म्हणतात. तिसरीचं पान शंकरपाळ्याच्या आकाराचं, वरून हिरवं आणि खालून करडं. चौथी जमिनीलगत पसरते आणि तिच्या देठांवर लांब विरळ केस असतात. शास्त्रीय नावं अनुक्रमे सिडा कॉर्डिफोलिया, सिडा अक्युटा, सिडा ऱ्हॉम्बिफोलिया आणि सिडा कॉर्डाटा. प्रजाती एक, जाती वेगळ्या.

आयुर्वेदात बला, अतिबला, महाबला आणि नागबला अशा चार वनस्पतींचा गट येतो. बला म्हणजे सिडा कॉर्डिफोलिया आणि अतिबला म्हणजे पेटारी किंवा मुद्रा, शास्त्रीय नाव अब्युटिलॉन इंडिकम, यावर बहुतेकांचं एकमत आहे. महाबला म्हणून सिडा ऱ्हॉम्बिफोलिया सांगितली जाते. नागबलेपाशी मात्र गाडी अडते. कुणी सिडाचीच एखादी जाती दाखवतं, तर कुणी धामणीच्या प्रजातीतलं झुडूप. बाजारात बला म्हणून जे पोत्यातून येतं त्यात सिडाच्या जातींची सरमिसळ असते, ही वनौषधींच्या अभ्यासकांची जुनी तक्रार. पोत्यातला माल वाळलेला असतो. फूल गळलेलं, फळं निम्मी सांडलेली, पान चुरगळलेलं. वनस्पती ओळखण्याची सगळी पारंपरिक शिस्त फुलावर उभी आहे. पाकळ्या किती, पुंकेसर कसे, बीजांडकोशात कप्पे किती. फूलच नसेल तर काय पाहायचं?

पानावरची लव पाहायची. वाळलं, चुरगळलं, अगदी दळलं तरी पानावरचे केस बऱ्याच अंशी शाबूत राहतात. शेळीने चरलेलं काय होतं, हे लेंडीतल्या पानांच्या सालीवरून आणि त्या सालीवरच्या केसांवरून ओळखण्याची पद्धत वन्यजीवांचे अभ्यासक वापरतात. चार कप्प्यांच्या जठरातून जाऊनही जी गोष्ट आपली ओळख सोडत नाही, तिच्यावर वर्गीकरणाने भरवसा ठेवला तर त्यात नवल नाही.

हे केस म्हणजे पानाच्या सर्वांत वरच्या पेशीथरातून, अपित्वचेतून, निघालेली वाढ. प्राण्यांच्या केसांशी त्यांचा काही संबंध नाही. कधी एकच पेशी लांब होऊन केस बनतो, कधी पेशींची ओळ उभी राहते, कधी टोकाला गोल डोकं येऊन त्यात तेल, चीक किंवा आम्ल साठतं. बीडच्या शेतकऱ्याला यातला सर्वांत मोठा नमुना रोज हाताळावा लागतो. दिवाळीच्या सुमारास गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात वेचणी चालू असते, तेव्हा बोटांत येणारा कापसाचा प्रत्येक धागा हा सरकीच्या सालीवरचा एका पेशीचा केस असतो. एक पेशी, लांबी दोन-तीन सेंटिमीटर, जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास. सरकीला चिकटून राहणारी बारीक लव हीही त्याच जातकुळीतली, फक्त खुंटलेली.

सूक्ष्मदर्शकातून वनस्पतीचे केस पाहण्याची गोष्ट सूक्ष्मदर्शकाइतकीच जुनी आहे. १६६५ साली रॉबर्ट हूकने 'मायक्रोग्राफिया' छापलं तेव्हा त्यात खाजऱ्या नेटल वनस्पतीच्या दंशकेसांचं वर्णन होतं. पण केसांवरून जाती ठरवाव्यात का, याबद्दल शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणारा लिनिअस फारसा अनुकूल नव्हता. १७५१च्या 'फिलॉसॉफिया बोटॅनिका'त त्याने लवीचा फरक जवळजवळ हसण्यावारी नेला. कारण साधं होतं: रानातलं केसाळ रोप बागेत आणलं की लव झडते, मग तिच्यावर जात कशी उभी करायची? हा आक्षेप अजूनही खोडून निघालेला नाही. मागच्या शतकात वैज्ञानिकांनी त्यातून एक वाट मात्र काढली. केस किती आहेत हे विसरा, केस कसा बांधलेला आहे ते पाहा. या लेखाचा सगळा भर त्या एका वाक्यावर आहे.

बीडसारख्या जिल्ह्यात हा भेद विशेष महत्त्वाचा. सह्याद्रीच्या पावसाच्या सावलीतला हा मुलूख, वर्षाला ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नाही. बिंदुसरेच्या काठावर, ओलाव्यात वाढलेली तुपकडी आणि आष्टीच्या मुरमाड माळावरची तुपकडी शेजारी ठेवली तर दुसरी जास्त राठ वाटू शकते. ऊन, वारा आणि पाण्याची ओढ यांनी लव दाट होते. अमेरिकेच्या वाळवंटातल्या एन्सेलिया फॅरिनोजा या झुडपावर १९७०च्या दशकात झालेल्या अभ्यासात तर एकाच झाडाची कोरड्या दिवसांतली पानं ओल्या दिवसांतल्या पानांपेक्षा कितीतरी केसाळ निघाली. त्या पांढुरक्या लवीवरून ऊन परतून जातं आणि पान तापत नाही. म्हणजे दाटपणा हा बऱ्याच अंशी हवामानाचा हिशोब आहे. पण चांदणीच्या आकाराचा केस दुष्काळ पडला म्हणून इंग्रजी 'टी'च्या आकाराचा होत नाही. आकार वंशातून येतो.

चिकण्याचंच पान घेऊ. जिल्ह्यातल्या कुठल्याही विज्ञान महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत लागणारं साहित्य असतं: चिमटा, ब्लेड, सॅफ्रानिनचा लाल रंग, ग्लिसरीन, काचपट्टी आणि विद्यार्थ्यांचा साधा सूक्ष्मदर्शक. पान बोटावर ताणून खालच्या बाजूची साल चिमट्याने ओढायची. मखमली पानाची साल सहज निघत नाही, फाटते, सोबत हिरवा गर येतो. जमलं तर पातळ पारदर्शक तुकडा मिळतो, तो रंगात बुडवायचा, धुवायचा, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वर काच टेकवायची. पहिल्या नजरेला लाल रेघांचा गुंता दिसतो. बारीक फिरकी हळू फिरवली की गुंत्यातून एकेक चांदणी सुटी होते: एका ठिकाणाहून चहूकडे फुटलेले टोकदार हात. सगळे हात एका पातळीत नसतात. वरचे स्पष्ट दिसतात तेव्हा खालचे धूसर असतात, म्हणून हात मोजायचे तर फिरकी खाली-वर करत राहावं लागतं. मधूनच लांब, एकेरी केस दिसतो, आणि बारकाईने पाहिलं तर आखूड देठावरचं इवलंसं डोकं, म्हणजे ग्रंथिल केस. नवशिक्याला हवेचा बुडबुडाही ग्रंथी वाटतो. बुडबुड्याची कड काळीभोर आणि बिनचूक गोल असते, ग्रंथीला पेशींच्या भिंती दिसतात. हे एकदा नजरेत बसलं की पुन्हा फसगत होत नाही.

चांदणीसारखे केस हे चिकण्याच्या सगळ्या कुळाचं, म्हणजे कापूस, भेंडी, जास्वंद यांच्या माल्व्हेसी कुळाचं, नेहमीचं लक्षण. त्यामुळे नुसती चांदणी दिसली म्हणून बला सिद्ध होत नाही. चांदण्या कुठे, कोणत्या बाजूला, सोबत दुसरे कोणते केस, हा सगळा संच मिळून जात ठरते. मखमली बलेत पानाच्या दोन्ही बाजू चांदण्यांनी झाकलेल्या. ऱ्हॉम्बिफोलियात त्यांचा भर खालच्या बाजूवर, म्हणून ती करडी दिसते. पसरणाऱ्या कॉर्डाटात बारीक चांदण्यांबरोबर लांब एकेरी केस. फळंही साक्ष देतात. बलेच्या फळाच्या प्रत्येक फाकेला दोन लांब शूक असतात आणि त्यांवरचे केस खालच्या दिशेने वळलेले, त्यामुळे फळ कपड्याला आणि मेंढीच्या लोकरीला धरून बसतं. कॉर्डाटाच्या फाकांना असे शूक नसतात.

पेटारीच्या घरातही असाच घोळ. मुद्रेचं ते चक्राकार फळ ठशासारखं वापरून खेळण्यात मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्यांचं बालपण गेलं. तिची अब्युटिलॉन हर्टम नावाची बहीण दिसायला बरीचशी तशीच. इंडिकमवर बारीक, दाबून बसलेली राखाडी लव असते. हर्टमवर त्याखेरीज लांब, सरळ उभे केस आणि चिकट ग्रंथी. खोड दोन बोटांत धरलं की हर्टम बोटाला चिकटते. इथे सूक्ष्मदर्शक नसला तरी चालतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण केसांच्या अभ्यासावरचे लेख ती बहुधा गाळतात. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेत बला आणि अतिबला या दोन्हींचा औषधी भाग मूळ हा आहे, आणि वाळलेल्या जाड मुळावर या चांदण्या नसतात. पोत्यात नुसती मुळं असतील तर लवीचं शास्त्र हात टेकतं. तिथे मुळाचा आडवा छेद आणि रासायनिक तपासणी हाच उपाय. पंचांग, म्हणजे अख्खं झाड, विकायला आलं असेल तरच पानाचे केस कामी येतात. भुईआवळीच्या बाबतीतही लव निरुपयोगी आहे. यकृताच्या औषधांत चालणारी फिलॅन्थस अमारस केसहीनच असते. तिला जवळच्या जातींपासून वेगळं काढायचं तर फुलाचे भाग आणि बियांच्या पृष्ठभागावरच्या रेघा बघाव्या लागतात.

उलट दुधीचं. अंगणातल्या फरशीच्या फटीत, शाळेच्या पटांगणात, बसस्थानकाच्या कडेला जमिनीला चिकटून पसरणाऱ्या या युफोर्बिया मंडळींकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण लवीवरून ओळख पटवण्याचा इतका स्वच्छ धडा दुसरा नाही. मोठी दुधी, युफोर्बिया हिर्टा, ओळखायला सोपी: खोडावर लांब पिवळसर केस, काखेत फुलांचे गुच्छ. खरा घोटाळा लहान पानांच्या सपाट दुधींमध्ये. खिशातलं दहापट भिंग काढायचं आणि मोहरीहूनही लहान असलेलं तिधारी फळ शोधायचं. फळावर सगळीकडे सारखी लव असेल तर थायमिफोलिया. लव फक्त तीन कडांवर ओळीने असेल आणि मधले भाग मोकळे असतील तर प्रोस्ट्राटा. फळ पूर्ण गुळगुळीत असेल तर सर्पेन्स किंवा तिच्यासारखी दुसरी एखादी. तिन्हींना तोडलं तर पांढरा चीक, तिन्हींची पानं इवली, तिन्ही एकाच फुटभर जागेत सापडू शकतात. फळाच्या कडेवरची ती ओळ एकदा पाहिली की एरवी एकसारखा दिसणारा हिरवा गालिचा दोन-तीन जातींत विभागलेला दिसू लागतो. लवीची जागा इथे लवीच्या दाटपणापेक्षा जास्त बोलते.

शेंगांच्या कुळात तर केसाचा आकार थेट प्रजाती सांगतो. उन्हाळी (टेफ्रोशिया पर्पुरिया) आणि नीळ (इंडिगोफेरा टिंक्टोरिया) फुलाविना शेजारी उभ्या असल्या तर भले भले चकतात. उन्हाळीचं पान ओढून तोडलं तर बाणाच्या पिसाऱ्यासारखं तिरकं तुटतं, हे गुराखी पोरांनाही माहीत असतं. भिंगाखाली त्याहून पक्की खूण मिळते. उन्हाळीचा केस एका टोकाने पानाला जोडलेला. निळीचा मध्यावर जोडलेला, दोन हात दोन दिशांना पसरून पानावर आडवा पडलेला. हा दोन हातांचा केस सगळ्या इंडिगोफेरा प्रजातीची ओळख आहे, भुईगुळीतही तोच. याच पडलेल्या केसांमुळे काही जातींची पानं चांदीसारखी चमकतात. वांगी आणि रिंगणी यांचीही अशीच गोष्ट. काटेरिंगणीच्या पानावर चांदणीसारखे केस, वांग्याच्या पानाची खरखरही चांदण्यांचीच. त्यांच्याच सोलॅनम प्रजातीतल्या कामोणीवर मात्र साधे एकेरी केस. काटेरी सोलॅनमांचा हा गट केसांवरून आधी बांधला गेला आणि पुढे डीएनएच्या तपासणीतही तो बराचसा टिकला.

या अभ्यासाला भारतात शिस्त आली ती मुख्यतः १९६०नंतर, आणि त्यातलं एक महत्त्वाचं केंद्र होतं हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ. एन. रामय्या यांनी १९६२च्या सुमारास सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतींच्या केसांची रचना मांडली. पुढे १९८३मध्ये पी. लीलावती आणि रामय्या यांनी शेंगांच्या कुळातल्या केसांचं वर्गीकरणाच्या दृष्टीने सविस्तर वर्णन केलं. बीडसाठी हैदराबाद परकं नाही. १९४८पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९५८मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत इथल्या उच्चशिक्षणाचा धागा उस्मानियाशीच जोडलेला होता. याच इतिहासाची एक उणी बाजू म्हणजे थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला त्यात मराठवाडा नाही. तो इलाख्यात नव्हताच. पुण्या-नाशिकच्या वनस्पतींची नोंद झाली, बालाघाटाची राहिली. ती उणीव बऱ्याच अंशी भरून काढली डॉ. व्ही. एन. नाईक यांनी. १९७९मध्ये त्यांचा उस्मानाबादच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला आणि १९९८मध्ये 'फ्लोरा ऑफ मराठवाडा'. आज बीडमधला विद्यार्थी चिकण्याची फांदी हातात घेऊन पहिल्यांदा उघडतो तो हाच ग्रंथ.

शेतकऱ्याच्या दृष्टीने केसांचा अभ्यास म्हणजे रिकाम्या वेळेचा उद्योग, असं वाटू शकतं. हरभऱ्याच्या रानात जाऊन आलेला माणूस तसं म्हणणार नाही. थंडीच्या पहाटे हरभऱ्यातून अनवाणी चाललं की पाय झोंबतात. रात्री पिकावर धुतलेलं पातळ फडकं पसरून ठेवायचं, पहाटे दवाने भिजलं की पिळायचं, असं ओळीने काही रात्री केलं की हरभऱ्याची आंब जमते. आजीच्या फडताळात पोटदुखीवर ती असायचीच. ही आंब हरभऱ्याच्या पानांवरचे, देठांवरचे, घाट्यांवरचे ग्रंथिल केस गाळतात. त्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल. हैदराबादजवळच्या पाटणचेरूमध्ये इक्रिसॅट या पीकसंशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९५मध्ये दाखवलं की यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ खुंटते. याच संस्थेत तुरीवरही काम झालं. लागवडीची तूर आणि बांधावरची तिची जंगली नातेवाईक, कजानस स्कॅराबिऑइडिस, यांच्या शेंगांवरचे केस प्रकारवार तपासले गेले. जंगली शेंगेवर ग्रंथी नसलेल्या केसांचं इतकं दाट रान असतं की नुकती अंड्यातून निघालेली अळी शेंगेच्या सालीपर्यंत पोचूच शकत नाही. कोणत्या जातीवर कोणता केस आहे, ही निव्वळ वर्गीकरणाची नोंद वाटते. पीक सुधारणारा तीच नोंद हाती घेऊन जंगली जातीशी संकर करायला बसतो.

कापसात तर शंभर वर्षांपूर्वीच हे झालं. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनला पार्नेल या संशोधकांनी १९२०च्या दशकात केसाळ पानांचा कापूस निवडला, कारण त्यावर तुडतुडे टिकत नव्हते. केसाळ पान तुडतुड्यांना आवडत नाही, पण पांढऱ्या माशीला आवडतं, म्हणजे एकीकडची सुटका दुसरीकडे अडचण होते. बीडच्या कपाशीत या दोन्ही किडींचा बंदोबस्त करावा लागतो.

न्यायालयातही वनस्पतीचे केस साक्षीला येतात. गांजा म्हणून जप्त केलेला वाळका पाला न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला की रासायनिक चाचणीच्या जोडीला सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरचे केस तपासतात. गांजाची खूण म्हणजे आखूड, वळलेला, बुडाशी फुगीर केस आणि त्या फुगवट्यात चुनखडीचा खडा. सौम्य आम्ल टाकलं की फसफसतो.

लिनिअसचा आक्षेप मात्र पाठ सोडत नाही, आणि आता त्याला जनुकशास्त्रानेही दुजोरा दिला आहे. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या वनस्पतीच्या पानावर तीन फाट्यांचे एकपेशीय केस असतात. जीएल-१ या एका जनुकात बिघाड झाला की पान साफ गुळगुळीत होतं, बाकी झाड जसंच्या तसं. अशी केसहीन रोपं निसर्गातही सापडतात. म्हणून 'केस नाहीत' एवढ्यावर नवी जात जाहीर करणं धोक्याचं. असलेल्या केसाची घडण विश्वासार्ह, नसलेल्या केसाचा पुरावा कच्चा.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांना हे काम परवडतं, हे त्याचं बळ. डीएनएची तपासणी बाहेर पाठवावी लागते, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी विद्यापीठात किंवा पुण्यात रांग लावावी लागते. साल काढून केस पाहायला मात्र आहे तेवढं पुरतं, आणि हल्ली नेत्रिकेला मोबाइल टेकवला की चित्रही मिळतं. याच कारणाने असल्या अभ्यासांचं पीकही उदंड आलं आहे, आणि त्यातलं सगळंच कसाचं नाही. पुष्कळ लेखांत जातींची नावं डाव्या रकान्यात, पुढे केस 'आहे' किंवा 'नाही'च्या खुणा, आणि संपलं. पान कोवळं होतं की जून? वरची बाजू की खालची? शेंड्याचं की बुडाचं? रोप ओढ्याकाठचं की माळावरचं? जून पानावरचे केस तुटून फक्त त्यांची बुडं उरतात आणि ती कुणी मोजलीच नाहीत तर 'विरळ लव' अशी नोंद होते. नेत्रिकेतली मोजपट्टी काचपट्टीवरच्या प्रमाणपट्टीशी ताडून घेतली नसेल तर मायक्रोमीटरमधले आकडे शोभेचे.

आणि ज्या रोपाचं पान सोललं त्याची फांदी फुलाफळासह दाबून, वाळवून, तारीख, गाव आणि शास्त्रीय नाव लिहून विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात ठेवली नसेल, तर उद्या कुणाला शंका आली की ही खरंच कॉर्डिफोलिया होती का, तर बघायला काही उरत नाही. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांतल्या माळांवर भाद्रपद ते अश्विन एवढाच काळ हाती असतो. त्या दोन महिन्यांत सिडाच्या प्रत्येक जातीची दोन-तीन ठिकाणची फांदी फुलासकट गोळा केली, तर हिवाळ्यात प्रयोगशाळेत बसून सोलायला पुरेसं काम हाती राहतं.